रनटाइम कोणाच्या हातचा घ्यावा?

या अंकासाठी आलेल्या पत्रांमधील बहुतेक प्रश्न कंटेनर इमेज (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सर्व काही एकत्र बांधलेला गठ्ठा) बांधताना भाषेचा रनटाइम (त्या भाषेतील प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर) कुठून घ्यावा, या एकाच मुद्द्याभोवतीचे आहेत. भाषा आणि तिची आवृत्ती ठरली की हा प्रश्न सुटला, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तीच आवृत्ती वेगवेगळ्या संस्था आपापल्या पद्धतीने बांधतात, तपासतात आणि आपापल्या मुदतीपर्यंत दुरुस्त करत राहतात. अशा प्रत्येक तयार बांधणीला येथे ‘वितरण’ म्हटले आहे. पत्रे संक्षिप्त करून दिली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे जावा १७ आणि २१ वर चालणाऱ्या सुमारे वीस सेवा आहेत. इमेज बांधताना कोणी टेमुरिन वापरतो, कोणी कोरेटो, कोणी झुलू, तर एका जुन्या सेवेत अजून ‘ओपनजेडीके’ याच नावाची इमेज आहे. हे सगळे एकाच सोर्स कोडवरून बनत असेल, तर त्यांत फरक तो काय? आणि सर्वांसाठी एकच निवडायचे झाले, तर कशाच्या आधारावर निवडावे?

उत्तर : आधी त्या जुन्या सेवेबद्दल, कारण तिचे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. डॉकर हब या इमेजच्या सार्वजनिक भांडारावरील ‘ओपनजेडीके’ नावाची अधिकृत इमेज २०२२ मध्ये कालबाह्य म्हणून जाहीर झाली. नाव मूळ प्रकल्पाचे असल्यामुळे तीच सर्वांत विश्वासार्ह असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तिच्यातील जावा १७ हे १७.०.२ या आवृत्तीवर, म्हणजे जानेवारी २०२२ च्या दुरुस्तीवर, थांबलेले आहे. जावाच्या सुरक्षा दुरुस्त्या दर तीन महिन्यांनी, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येतात. त्या तारखेनंतरची एकही दुरुस्ती त्या इमेजमध्ये नाही. इमेज उतरवता येते, नीट चालते आणि कोणतीही तक्रार करत नाही, म्हणूनच ती वर्षानुवर्षे तशीच राहून जाते.

असे का झाले हे समजून घेतले, की वितरण म्हणजे नेमके काय तेही उलगडते. ओपनजेडीके हा मुळात सोर्स कोडचा प्रकल्प आहे. ओरॅकल त्या कोडवरून मुक्त परवान्याची एक तयार बांधणी देते, परंतु तिच्या दुरुस्त्या पुढची आवृत्ती येईपर्यंतच, म्हणजे साधारण सहा महिने, मिळतात. त्यानंतर १७ आणि २१ यांसारख्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांची देखभाल सोर्स कोडच्या पातळीवर चालू राहते आणि तो दुरुस्त कोड घेऊन तयार बांधणी देण्याचे काम इतर संस्था करतात. इक्लिप्स फाउंडेशनच्या छत्राखालील अ‍ॅडॉप्टियम प्रकल्पाचे टेमुरिन, अ‍ॅमेझॉनचे कोरेटो, अझूलचे झुलू, बेलसॉफ्टचे लिबरिका आणि मायक्रोसॉफ्टची बांधणी ही त्यांतली ठळक नावे. तेव्हा वितरण निवडताना तुम्ही खरे तर पुढची काही वर्षे दर तिमाहीला दुरुस्ती कोणाकडून घ्यायची, हे ठरवत असता.

सोर्स एकच असला तरी फरक राहतात. ही प्रमुख वितरणे जावाच्या अधिकृत सुसंगती चाचण्या पार करतात, त्यामुळे नेहमीचा जावा प्रोग्रॅम एकावर चालला तर दुसऱ्यावरही चालेल, असे बहुतांशी धरून चालता येते. वेगळेपण दिसते ते देखभालीची मुदत, दुरुस्ती हाती येण्यास लागणारा वेळ, कोणत्या लिनक्सवर आणि कोणत्या प्रोसेसरसाठी इमेज मिळते, केवळ चालवण्यापुरता जेआरई मिळतो की विकसनाच्या साधनांसह पूर्ण जेडीकेच घ्यावा लागतो, आणि अडचण आली तर पैसे देऊन मदत घेता येते का, या बाबींत. आयबीएमचे सेमेरू मात्र या यादीत सरसकट बसवू नये. त्यात नेहमीच्या हॉटस्पॉटऐवजी ओपनजे-नाइन हे वेगळे व्हर्च्युअल मशीन (जावाचा कोड प्रत्यक्ष चालवणारा भाग) आहे. ते मेमरी कमी वापरते ही त्याची खरी जमेची बाजू आहे, पण मेमरी आणि गार्बेज कलेक्शन (न लागणारी मेमरी मोकळी करणे) यांसाठी दिलेले बरेच पर्याय तिथे वेगळे असतात, म्हणून तो बदल पूर्ण चाचणीशिवाय करू नये.

परवान्याचा मुद्दा ओरॅकल जेडीकेपुरता महत्त्वाचा आहे. जावा १७ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२१ पासून, ओरॅकलने आपला जेडीके प्रॉडक्शनमध्येही विनाशुल्क वापरू दिला. पण ही सवलत पुढची दीर्घ मुदतीची आवृत्ती आल्यानंतर एक वर्षापर्यंतच असते. त्यामुळे १७ साठी ती सप्टेंबर २०२४ मध्ये संपली आणि त्यापुढच्या दुरुस्त्या वेगळ्या परवान्याखाली गेल्या. एखाद्या इमेजमध्ये ओरॅकल जेडीके १७ असेल आणि कोणी सद्भावनेने ती ताज्या दुरुस्तीवर नेली, तर त्या एका ओळीच्या बदलाने परवाना बदलतो. टेमुरिन, कोरेटो किंवा लिबरिका यांच्या मुक्त बांधण्यांत हा धोका नाही.

माझे मत विचाराल तर, कोणाशीही सशुल्क मदतीचा करार नसेल तेव्हा टेमुरिनची जेआरई इमेज उबुंटूच्या पायावर घ्यावी. तुमचे सगळे काम अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर असेल तर कोरेटो तितकेच योग्य आहे. करार असेल, तर त्या करारात ज्याची देखभाल येते तेच घ्यावे आणि इमेजमध्ये खरोखर तेच आहे याची खात्री करावी, कारण करार एका वितरणाचा आणि इमेज दुसऱ्याची, अशी विसंगती मी अनेकदा पाहिली आहे. वीस सेवांना एकच वितरण असणे हे सर्वांत मोलाचे आहे. दुरुस्ती आली की एकच बातमी वाचावी लागते, एकदाच तपासणी करावी लागते, आणि बेस (पायाच्या) इमेजचे थर सर्व सेवांमध्ये समान असल्याने सर्व्हरवर ते एकदाच उतरतात.

प्रश्न : इमेज लहान असावी म्हणून मी पायथनची अल्पाइन (एका अतिशय लहान लिनक्सवरची) इमेज निवडली. आता काही पॅकेजेस इन्स्टॉल होताना सी कंपायलर मागतात, तो घातला तर बिल्डला खूप वेळ लागतो, आणि शेवटी इमेज डेबियनवरच्या ‘स्लिम’ इमेजपेक्षा मोठी होते. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : तुमच्या हातून चूक झालेली नाही. निवड ज्या निकषावर केली तो निकष इथे अपुरा पडला. अल्पाइनचा पाया खरोखर लहान आहे. उलगडल्यावर तो आठेक एमबी भरतो, तर डेबियन स्लिम पाऊणशे एमबीच्या आसपास जातो. परंतु अल्पाइनमध्ये सी भाषेची मूलभूत लायब्ररी वेगळी आहे. डेबियन, उबुंटू आणि रेड हॅट हे जीलिबसी वापरतात आणि अल्पाइन मसल वापरते. पायथनची जी पॅकेजेस आतून सी, सी प्लस प्लस किंवा रस्टमध्ये लिहिलेली असतात, त्यांची तयार ‘व्हील’ (आधीच कंपाइल केलेली पॅकेज फाइल) कोणत्या तरी एका लायब्ररीसाठीच बांधलेली असते. जीलिबसीसाठीच्या व्हीलचे मानक २०१६ पासून आहे. मसलसाठीचे मानक २०२१ मध्ये आले. त्या आधी अल्पाइनवर असे प्रत्येक पॅकेज सोर्सवरून बांधावेच लागे. आज अनेक प्रमुख पॅकेजेसची मसलसाठीची व्हील्स मिळतात, पण सर्वांची नाही, आणि एक जरी राहिले तरी पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारे साधन) निमूटपणे सोर्स उतरवून कंपायलर शोधू लागतो. तुमच्याकडे नेमके हेच होत आहे.

बिल्डचा वेळ हा या फरकाचा दिसणारा भाग आहे. न दिसणाऱ्या भागाची मला अधिक काळजी वाटते. मसलमध्ये नव्या थ्रेडला (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाला) मिळणारा स्टॅक (फंक्शनच्या हाकांसाठीची मेमरी) मुळातच १२८ केबी असतो, तर जीलिबसीवर तो बहुधा ८ एमबी असतो. खोल रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणे) करणारा कोड डेव्हलपरच्या मशीनवर सुरळीत चालतो आणि कंटेनरमध्ये कोसळतो, तेव्हा हे कारण चटकन लक्षात येत नाही. मसलच्या १.२.४ या २०२३ मधील आवृत्तीपर्यंत त्याचा डीएनएस भाग (नावावरून नेटवर्क पत्ता शोधणारा) मोठे उत्तर आल्यास टीसीपीकडे वळत नसे. त्यामुळे ज्या नावामागे पुष्कळ पत्ते आहेत, असे एखादेच नाव सापडत नाही आणि बाकी सर्व ठीक चालते, असे चमत्कारिक दोष उद्भवत. अनेक थ्रेड एकाच वेळी मेमरी मागत असतील, तर मसलची वाटपाची पद्धत संथ पडते. मसल काटेकोरपणे लिहिलेली, चांगली लायब्ररी आहे. अडचण एवढीच, की तुमच्या पॅकेजेसच्या लेखकांनी आपल्या चाचण्या बहुधा जीलिबसीवर केलेल्या असतात, आणि तुम्ही त्या चाचण्यांच्या बाहेरच्या वाटेने चाललेले असता.

तेव्हा पायथनसाठी अधिकृत स्लिम इमेज घ्यावी. पूर्ण इमेज एक जीबीच्या आसपास असते आणि स्लिम साधारण सव्वाशे ते दीडशे एमबी. स्लिममध्ये कंपायलर नसतो, म्हणून बिल्ड दोन टप्प्यांत करावे. पहिल्या टप्प्यात पूर्ण इमेजमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेसची स्वतंत्र डिरेक्टरी) तयार करून त्यात पॅकेजेस घालावीत आणि दुसऱ्या टप्प्यात तेवढीच डिरेक्टरी स्लिममध्ये उतरवावी. दोन्ही टप्प्यांत पायथनची आवृत्ती, डेबियनची आवृत्ती आणि डिरेक्टरीचा मार्ग तंतोतंत सारखा हवा. पहिला टप्पा नव्या डेबियनवर आणि दुसरा जुन्या डेबियनवर असेल, तर सुरू होतानाच ‘जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही’ असा दोष येतो, कारण जुन्या जीलिबसीवर बांधलेले नव्यावर चालते, उलट चालत नाही.

आणखी एक खबरदारी. अधिकृत इमेजमधील पायथन ‘युझर-लोकल’ मध्ये असते. त्या इमेजमध्ये एपीटीने (डेबियन-उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरने) एखादे पायथन पॅकेज घातले, तर ते डेबियनचे स्वतःचे दुसरे पायथन सोबत आणते आणि पॅकेज त्याच्यातच बसते. मग इन्स्टॉल यशस्वी झाल्याचे दिसते आणि इम्पोर्ट मात्र होत नाही. या इमेजमध्ये पायथन पॅकेजेस फक्त पिपने किंवा त्याच्यासारख्या साधनानेच घालावीत.

प्रश्न : डेटा सायन्स टीम मिनिकोंडाची (पायथन आणि त्याची पॅकेजेस बसवणाऱ्या अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या साधनाची) इमेज वापरते. ती विनामूल्य आहे, मग कायदा विभाग का अडवतो?

उत्तर : इन्स्टॉलर आणि त्याला जोडलेले पॅकेजेसचे भांडार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मिनिकोंडा मुळातच अ‍ॅनाकोंडाच्या स्वतःच्या भांडारातून पॅकेजेस घेते आणि त्या भांडाराच्या अटी २०२० पासून बदलल्या. २०० हून अधिक माणसांच्या व्यावसायिक संस्थेला त्यासाठी सशुल्क परवाना लागतो. मिनिफोर्ज हे वितरण समुदायाच्या कोंडा-फोर्ज या भांडाराकडे पाहते, तेव्हा बहुतेक टीमना तेच पुरते. मात्र बदल केल्यावर जुन्या सेटिंग फाइलमध्ये मूळ भांडाराचे नाव राहिलेले नाही ना, हे अवश्य तपासावे.

प्रश्न : सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम नवी केल्यानंतर आमचे जावा ११ चे काही कंटेनर अधूनमधून १३७ या कोडने बंद पडू लागले. कोड बदललेला नाही, इमेजही तीच आहे. रनटाइमशी याचा संबंध असू शकतो का?

उत्तर : दाट संबंध असू शकतो. १३७ म्हणजे १२८ अधिक ९. प्रोसेसला सक्तीने मारणारा सिग्नल मिळालेला असतो, आणि बहुतेक वेळा तो मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळे लिनक्स कर्नलने दिलेला असतो.

जावा सुरू होताना आपल्याला किती मेमरी आहे हे पाहते आणि काही सांगितलेले नसेल तर तिच्या एक चतुर्थांशापर्यंत हीप (प्रोग्रॅमच्या डेटासाठीची मेमरी) वाढू देते. कंटेनरची मर्यादा सीग्रुप या, प्रोसेसना मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेतून वाचावी लागते. ही समज जावा १० मध्ये आली आणि जावा ८ मध्ये ऑक्टोबर २०१८ च्या ८यू१९१ या दुरुस्तीपासून मिळाली. पुढे लिनक्समध्ये सीग्रुपची दुसरी आवृत्ती रूढ झाली. तिची रचना वेगळी असल्यामुळे जुन्या जावाला ती वाचताच येत नाही. दुसऱ्या आवृत्तीची ओळख जावा १५ मध्ये आली. जावा ११ ला ती जुलै २०२२ च्या ११.०.१६ मध्ये आणि जावा ८ ला एप्रिल २०२३ च्या ८यू३७२ मध्ये मिळाली. तुमच्या नव्या सर्व्हरवर सीग्रुपची दुसरी आवृत्ती असेल आणि इमेजमधील जावा ११.०.१६ च्या आधीचे असेल, तर ते कंटेनरची, समजा, २ जीबीची मर्यादा न पाहता सर्व्हरची सगळी मेमरी पाहते. सर्व्हरवर ६४ जीबी असतील, तर हीप १६ जीबीपर्यंत वाढू शकेल अशी त्याची समजूत होते, आणि २ जीबी ओलांडताच कर्नल त्याला थांबवतो. ज्या सेवांवर ताण कमी त्या टिकतात, ज्यांवर जास्त त्या पडतात. ‘अधूनमधून’ या तुमच्या शब्दाचा अर्थ बहुधा हाच आहे.

पहिला उपाय म्हणजे त्याच वितरणाची जावा ११ ची ताजी दुरुस्ती घेणे. तोपर्यंत तातडीचा उपाय म्हणून कमाल हीप एमबीमध्ये स्पष्ट सांगावी. ताजी दुरुस्ती बसल्यावर ‘मॅक्सरॅमपर्सेंटेज’ हा पर्याय देऊन मर्यादेच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास हीप ठेवता येते; उरलेला भाग मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवण्याची जागा), थ्रेडचे स्टॅक आणि हीपबाहेरच्या बफरांसाठी लागतो, तो शून्यावर आणू नये.

याच संदर्भात एक गोष्ट फारशी ठाऊक नसते. कंटेनरला दोनपेक्षा कमी प्रोसेसर दिसत असतील किंवा मेमरी सुमारे १,८०० एमबीपेक्षा कमी असेल, तर जावा आपोआप साधा ‘सिरियल’ गार्बेज कलेक्टर निवडते. जुने जावा सर्व्हरची पूर्ण मेमरी पाहत असल्याने जी-वन हा कलेक्टर निवडत होते. दुरुस्त जावा खरी मर्यादा पाहून सिरियल निवडेल आणि प्रतिसादाचा वेळ बदलेल. हा नव्या दुरुस्तीचा दोष समजून कोणी मागे जाऊ नये, म्हणून कलेक्टर कोणता हवा ते आधीच लिहून ठेवावे.

प्रश्न : उबुंटूच्या इमेजमध्ये एपीटीने नोड (जावास्क्रिप्टचा रनटाइम) घालणे आणि नोडची अधिकृत इमेज घेणे, यांत काय फरक आहे?

उत्तर : दोन्ही ठिकाणी नोडच मिळते, पण त्यांचे वेळापत्रक वेगळे असते. ऑपरेटिंग सिस्टिमचे वितरण एक आवृत्ती गोठवते आणि आपल्या मुदतीपर्यंत तीच ठेवते. उबुंटू २२.०४ एप्रिल २०२२ मध्ये आले तेव्हा त्याच्या भांडारात नोड १२ होते, आणि नोड प्रकल्पाने १२ ची देखभाल त्याच महिन्याच्या अखेरीस थांबवली. नोडच्या सम क्रमांकाच्या आवृत्त्यांना दीर्घ मुदतीच्या देखभालीची सुमारे अडीच वर्षे मिळतात, म्हणून नोडसाठी अधिकृत इमेज, डेबियन स्लिमवरची, हीच सरळ वाट आहे. तिची अल्पाइन आवृत्तीही मिळते, परंतु नोड प्रकल्पाच्या अधिकृत लिनक्स बांधण्या जीलिबसीसाठी असतात आणि मसलच्या बांधण्या ‘अनधिकृत’ असे नाव असलेल्या शेजारच्या प्रकल्पातून येतात, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : डॉटनेटची (मायक्रोसॉफ्टच्या रनटाइमवरची) सेवा अल्पाइन इमेजवर नेल्यावर याद्यांचा वर्णक्रम बदलला. का?

उत्तर : मायक्रोसॉफ्टच्या अल्पाइन रनटाइम इमेजमध्ये आयसीयू ही भाषाविषयक नियमांची लायब्ररी नसते आणि रनटाइम ‘इनव्हेरियंट’ पद्धतीने चालतो, म्हणजे अक्षरांची तुलना भाषेचे नियम सोडून केवळ संकेतांकांवर होते. आयसीयू घालून ती पद्धत बंद करावी, किंवा ‘एक्स्ट्रा’ म्हणून मिळणारी इमेज घ्यावी. उबुंटूवरील ‘चिझल्ड’ (काटछाट केलेल्या) इमेजनाही हेच लागू आहे.

प्रश्न : आम्ही रनटाइमची टार फाइल उतरवून ती डिस्ट्रोलेस पायावर ठेवतो. इमेजमध्ये शेल (आदेश चालवणारा प्रोग्रॅम) नाही, पॅकेज मॅनेजर नाही, आणि स्कॅनर एकही त्रुटी दाखवत नाही. याहून सुरक्षित काय असणार, असे आमच्या वरिष्ठांचे म्हणणे आहे.

उत्तर : तुमच्या वरिष्ठांची दिशा योग्य आहे, परंतु स्कॅनरच्या त्या शून्यावर विसंबू नये. अनेक स्कॅनर प्रामुख्याने ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॅकेजेसची नोंदवही आणि भाषेच्या पॅकेजेसच्या याद्या वाचतात. हाताने ठेवलेला रनटाइम कोणत्याच नोंदवहीत नसतो, म्हणून तो अनेकदा त्यांना दिसतच नाही. एका प्रकल्पात मीही अशाच निर्दोष अहवालांवर समाधान मानले होते. पुढे वेगळ्याच कामासाठी आवृत्ती छापून पाहिली, तेव्हा आतील जावा तीन वर्षे जुने निघाले; तो सगळा काळ अहवाल दर आठवड्याला शून्यच दाखवत होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक बिल्डमध्ये रनटाइमला स्वतःची आवृत्ती छापायला लावतो आणि ती अपेक्षित आवृत्तीशी जुळली नाही तर बिल्ड थांबवतो. तुम्हीही निदान एवढे करावे. टार फाइल उतरवताना तिची सही किंवा चेकसम तपासला जातो का, हेही पाहावे.

जावाच्या जेलिंकने, म्हणजे जावा ९ पासून आलेल्या, लागतील तेवढीच मॉड्यूल्स ठेवणाऱ्या साधनाने, केलेल्या रनटाइमलाही हेच लागू होते. इमेज पुष्कळ लहान होते, पण त्या क्षणापासून तुम्ही स्वतःच एका छोट्या वितरणाचे देखभालकर्ते होता आणि दर तिमाहीची फेरबांधणी तुमच्यावर येते. ते वेळापत्रक सांभाळणारे माणूस नेमलेले नसेल, तर तयार जेआरई इमेज घेणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

शेल नसलेल्या इमेजमध्ये अडचण शोधण्याची सोय मात्र आधी करून ठेवावी. कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेत चालू पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाला) तात्पुरता तपासणी कंटेनर जोडण्याची सोय १.२५ आवृत्तीपासून स्थिर आहे; ती वापरण्याची परवानगी रात्री काम पाहणाऱ्यांकडे आहे का, हे संकट येण्याआधी विचारावे. कर्ल (वेबपत्त्यावर विनंती पाठवणारे साधन) वापरून केलेली हेल्थ चेक अशा इमेजमध्ये चालणार नाही, कारण तिथे कर्लच नसते. जावाच्या जेआरईमध्ये थ्रेड डंप (सर्व थ्रेड काय करत आहेत याची नोंद) घेण्याची जेकमांडसारखी साधनेही नसतात. एखाद्या सेवेला वारंवार त्यांची गरज पडत असेल, तर तिच्यापुरता पूर्ण जेडीके ठेवण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : ऑडिटर म्हणतात की बेस इमेज डायजेस्टने बांधून ठेवा, सुरक्षा टीम म्हणते की नेहमी ताजी घ्या. दोघांचे कसे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही म्हणणे एकाच वेळी पाळता येते. टॅग हे बदलते नाव आहे. आज ‘२१-जेआरई’ जिथे निर्देश करते, तिथेच पुढच्या महिन्यात करेल असे नाही. डायजेस्ट हा त्या इमेजच्या मॅनिफेस्टवरून (घटकांच्या यादीवरून) काढलेला शा-२५६ हॅश, म्हणजे मजकुराचा गणिती ठसा, असतो. मजकूर एका अक्षराने बदलला तरी डायजेस्ट बदलतो, त्यामुळे तो लिहिला की तीच इमेज मिळते. डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधण्याची कृती लिहिलेल्या फाइलमध्ये) टॅग आणि डायजेस्ट दोन्ही लिहावेत. टॅग माणसाला वाचण्यासाठी असतो आणि इमेज खरोखर ठरते ती डायजेस्टने.

ताजेपणासाठी रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट यांसारखे साधन लावावे. टॅग हलला की ते नव्या डायजेस्टचा बदल सुचवते, चाचण्या चालतात आणि मगच तो स्वीकारला जातो. डायजेस्ट बांधून ठेवणे आणि त्याकडे पुन्हा न पाहणे ही सर्वांत वाईट स्थिती आहे, कारण तेव्हा जुनी इमेज शिस्तीच्या नावाखाली जपली जाते. दुसरीकडे, केवळ टॅग लिहून ‘आम्ही ताजेच घेतो’ असे मानणेही फसवे आहे. बिल्ड मशीनवर जुनी इमेज आधीच असेल तर तीच वापरली जाते आणि पॅकेजेस अद्ययावत करणारी ओळ कॅशमधून उचलली जाते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी बेस इमेज नव्याने ओढून, कॅश न वापरता बिल्ड करावे.

टॅगमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचे नावही लिहिलेले असावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, आले आणि पायथनच्या इमेजचे नुसते ‘स्लिम’ लिहिलेले टॅग बुकवर्मवरून (डेबियन १२ वरून) ट्रिक्सीवर गेले. पायथनची आवृत्ती तीच राहिली, पण खालची जीलिबसी २.३६ वरून २.४१ वर गेली आणि एपीटीने घातलेल्या काही पॅकेजेसची नावे बदलली. ‘स्लिम-बुकवर्म’ लिहिणाऱ्यांना हा बदल आपल्या सवडीने करता आला. अर्थात सवड अमर्याद नसते. मुदत संपलेल्या डेबियनची पॅकेजेस काही काळाने आर्काइव्ह सर्व्हरवर हलवली जातात आणि तेव्हा बिल्ड फाइल न सापडल्याच्या दोषाने थांबते, तेही बहुधा तातडीची दुरुस्ती बाहेर काढायची असते त्याच दिवशी. म्हणून डॉकरफाइलमधील बेस इमेजच्या ओळीच्या वर दोन तारखा टिपणीत लिहून ठेवाव्यात. एक तारीख रनटाइमच्या देखभालीच्या शेवटाची आणि दुसरी खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या देखभालीच्या शेवटाची. यांतली जी आधी येते, तिच्या सहा महिने आधी बदलाचे काम टीमच्या यादीत आलेले असावे.